डावीकडून पहिला डबा

निपा, ८ सप्टेंबर

भावोजी,

फोनचा नाद आता सोडते. परवा आपण वीस मिनिटं बोललो, त्यातलं मला ‘कुत्रा’ आणि ‘मूर्ख’ एवढंच कळलं. दोन्ही मलाच उद्देशून होतं की काय, देव जाणे. पक्षाघातानं तुमची जीभ जड झाली आहे, पण उजवा हात ठणठणीत आहे, असं हेगा सिस्टर म्हणाल्या. तेव्हा पत्रच बरं. निदान कागदावर तुम्ही मला काय म्हणता ते नीट वाचता येईल.

उन्हाळ्यातलं काही उकरून काढत नाही. तुमचा राग अजून गेला नसेल तर राहू दे, पण मी कामाचं विचारते आहे, कामाचं उत्तर द्या.

यंदा सरकारी परवान्यात आपल्या शेताच्या वाट्याला एक हरिणी आणि एक पाडस आलं आहे. तुमचे दादा गेल्यापासून अकरा वर्षं आपल्या वाट्याची शिकार तुम्हीच केलीत. या वर्षी शिकारी टोळीचा म्होरक्या ओस्मुन म्हणाला, “योरुनबाई, आमच्या टोळीतला कुणीतरी मारून देईल तुमचं, अर्धं मांस तुम्हाला.” मी म्हटलं, गेल्या हिवाळ्यात एकसष्टाव्या वर्षी तीस तास वर्गात बसून शिकारीची परीक्षा पास झाले, ती काय अर्ध्या मांसासाठी? तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. म्हणून तुमची रायफल मीच वापरणार आहे.

आता प्रश्न गोळीचा. तालुक्याच्या दुकानात साडेसहा मिलिमीटरच्या अकरा तऱ्हा आहेत. दुकानदार प्रत्येक पाकीट हातात घेऊन “ही उत्तमच” म्हणतो. सिन्नोवाला जानेवारीत बाळ होणार, आणि पोरगी बर्गनहून दर आठवड्याला विचारते, “आई, हरणाचं मांस पाठवशील ना?” तिच्यासाठी मला शिसं नको. एवढ्यावरूनच आपलं वाजलं होतं, माहीत आहे. पण शिसं नको तर मग काय, हे मला तुमच्याशिवाय कोण सांगणार?

वहिनी


पुनर्वसन केंद्र, १३ सप्टेंबर

वहिनी,

राग कसला? जुलैत तुम्ही मला वर्तमानपत्र वाचून दाखवलंत, की शिशाची गोळी फुटते, तिचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात, आणि पोटुशी बाईनं ते खाऊ नये. मी म्हणालो, आमच्या घरानं पन्नास वर्षं ते खाल्लं, कुणाचं काय वाकडं झालं? तुम्ही म्हणालात, तुमच्याकडे बघूनच तर काळजी वाटते. हे मी विसरलेलो नाही. पण रागावलो नाही. उलट तुमचं ऐकलं. ऑगस्ट लागताच मी गुपचूप चाळीस काडतुसं तांब्याच्या गोळीची भरून ठेवली. तुम्हाला सांगणार होतो, तेवढ्यात हे आजारपण आडवं आलं.

आता नीट वाचा. गोळीचं काम भोक पाडणं नाही. भोक खिळ्यानंही पडतं. गोळीनं आत शिरल्यावर उमलायचं असतं. शिशाची गोळी भूछत्रासारखी पसरते. तांब्याच्या गोळीच्या टोकाला भोक असतं, तिथून ती चार पाकळ्यांनी उघडते आणि पलीकडे जाताना फुप्फुस फाडत जाते. जनावर पन्नास पावलांत खाली बसतं, त्याला काय झालं ते कळतही नाही. आपण त्याचं एवढं तरी देणं लागतो. पण तांब्याला वेग लागतो. लांब गेल्यावर वेग मंदावतो, मग ते उमलत नाही. म्हणून लांबून बार नाही. वरच्या कुंपणाच्या मचाणापासून ओढ्याकाठच्या बर्चच्या झाडांपर्यंत एकशेदहा मीटर होतात, मी पावलांनी मोजलंय. बर्चच्या पलीकडे कितीही देखणं जनावर उभं राहू दे, चापावरचं बोट काढा.

डबे वर्कशॉपमध्ये, खिडकीपुढच्या उघड्या शेल्फवर आहेत. आइस्क्रीमचे पांढरे डबे. तुमचा डबा डावीकडून पहिला. टोकाला भोक असलेल्या गोळ्या, चूक व्हायचा संभवच नाही.

माझं म्हणाल तर उत्तम आहे. डावा पाय जरा आळशी झालाय, इतकंच. जेवण मात्र कंजूष देतात, निम्मंच ताट भरतात आणि वर विचारतात की तुम्ही सगळं का नाही खाल्लंत. नोव्हेंबरात नगरपालिकेची माणसं बसून ठरवतील, घरी जायचं की इथंच कायमची खोली. मी त्यांना सांगून ठेवलंय की निपाच्या शेतावर माझ्यावाचून खोळंबा आहे. मला घरी यायचंय, वहिनी. इथं खिडकीतून पार्किंग दिसतं.

तुम्ही एकदाही आला नाहीत. फेरीबोट आणि तासभराचा रस्ता, एवढंच अंतर आहे. टोमणा नाही, नुसतं सांगतोय.

हालवार


निपा, २० सप्टेंबर

भावोजी,

टोमणा नाही म्हणता आणि मारता. म्हणजे माझं तिथं तासभर बसणं ते बसणंच नव्हे. असो. मी वाद घालत नाही.

चाळीस काडतुसांचं वाचून मी वर्कशॉपमध्ये तुमच्या स्टुलावर जरा वेळ बसून राहिले. माणूस भांडून झाल्यावर ऐकतो, हे घरात कुणीतरी मला आधी सांगायचं होतं. तुमचे दादा भांडणही करत नसत आणि ऐकतही नसत.

डावीकडून पहिला डबा घेतला. सगळे डबे सारखे, एकावरही नाव नाही. एखाद्या चिकटपट्टीवर दोन अक्षरं लिहिली असती तर तुमचा हात झिजला असता का? “मला माहीत आहे कुठं काय आहे” हे तुमचं पालुपद. पण टोकाला भोक होतं, चाळीसच होत्या, म्हणजे त्याच.

ओस्मुनच्या मैदानावर वार्षिक नेमबाजीची परीक्षा दिली. शंभर मीटरवर हरणाचं चित्र, पाच गोळ्या. भावोजी, पाचही गोळ्या कॉफीच्या बशीखाली झाकल्या गेल्या. ओस्मुननं बशी मागवून खरंच ठेवून बघितली. मग म्हणाला, “हालवारच्या हातची काडतुसं, त्यात काय.” मी म्हटलं, चाप काय हालवारनं ओढला? आजूबाजूचे सगळे हसले. या वेळचं हसणं आवडलं.

एक विचारू? तुम्ही कागदाचा डावा अर्धा भाग कोरा का सोडता? चारच शब्दांची ओळ, आणि तीही उजवीकडे चिकटवलेली. टपालहशील तेवढंच पडतं म्हणून उधळपट्टी करता की काय? ज्या माणसानं जुने खिळे ठोकून सरळ केले, त्याची ही चैन बघून गंमत वाटली.

वहिनी


पुनर्वसन केंद्र, २४ सप्टेंबर

वहिनी,

बशीचं हेगाला वाचून दाखवलं. म्हणजे तिनं वाचलं, मी ऐकलं. तो नेमबाजीचा कागद इकडे पाठवा, भिंतीला लावतो.

तुम्ही येऊन तासभर बसलात ते आठवतं तर. मी तेव्हा जरा थकलेला होतो, म्हणून तसं लिहिलं गेलं. मनावर घेऊ नका.

कोरा भाग वगैरे काही नाही, मी कडेपासून कडेपर्यंत लिहितो. तुमचा चष्मा बदला.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला घड्याळ काढायला लावलं, बालवाडीत लावतात तसं. मी काढलं, बाराही आकडे घातले. ती बराच वेळ बघत बसली आणि चांगलं आहे म्हणाली. चांगलं असेल तर गप्प का बसावं? असल्या परीक्षांवर माझं घरी येणं ठरणार असेल तर कठीण आहे.

शिकारीचं शेवटचं सांगतो. हरिणी आणि पाडस एकत्र आली तर आधी पाडस. नेहमी आधी पाडस. आई गेल्यावर पाडस हिवाळा काढत नाही, आणि आईला पाडसाचं दुःख झालं तरी ती जगते. वाट बघायला लागली तर बघा. चार संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आलात म्हणून काही बिघडत नाही.

हालवार


निपा, ७ ऑक्टोबर

भावोजी,

चार संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आले होते. पाचव्या संध्याकाळी, गुरुवारी, मी चूक केली.

सव्वासहाला हरिणी ओढ्यातून वर आली. मोठी, एका कानाला खाच असलेली. पाडस तिच्या मागे होतं, पण बर्चच्या आड, फक्त पाय दिसत होते. मी पाडसाची वाट बघत राहिले. ते बाहेरच येईना. प्रकाश उतरत होता. हरिणीनं माझ्याकडे पूर्ण कूस केली आणि उभी राहिली, चित्रातल्यासारखी, आणि माझ्या डोक्यात ओस्मुनचं हसणं आलं. मी बार टाकला. आधी आईवर.

तिनं उडी घेतली आणि खाली ओढ्याकडे गेली. मी पडल्याचा आवाज ऐकायला थांबले. आवाज आलाच नाही. पाडस बर्चमागून बाहेर आलं आणि ती जिथं उभी होती तिथं जाऊन उभं राहिलं.

अर्धा तास थांबले, तुम्ही सांगायचात तसं. मग त्या जागेवर गेले. रक्ताचे तीन थेंब. तीनच. ओस्मुनला फोन केला, तो बाम्साला घेऊन आला. त्या कुत्र्यानं ओढ्यापर्यंत माग काढला, आणि तिथं पाणी चढलेलं. शुक्रवारी पहाटेपासून पाऊस. शुक्रवार पूर्ण, शनिवार पूर्ण हिंडलो. मला वाटत होतं, ओस्मुननं मला दोन शिव्या तरी घालाव्यात. शनिवारी संध्याकाळी तो म्हणाला, “योरुनबाई, आता पुरे. नियमाप्रमाणे करायचं तेवढं सगळं केलं.” मी म्हटलं, नियमाला काय दुखतं? तिला दुखत असेल.

ती कुठंतरी झुडपात पडून असेल, भावोजी. माझी गोळी पोटात घेऊन. मला हात धुतले तरी धुतल्यासारखे वाटत नाहीत. आणि पाडस रोज संध्याकाळी कुरणात येतं, मी स्वयंपाकघरातून बघते. आता पडदा ओढून घेते, पण ते तिथं आहे हे पडदा ओढूनही कळतंच.

तुम्ही इथं असता तर तुम्ही ती शोधली असती.

वहिनी


पुनर्वसन केंद्र, ११ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र आलं तेव्हा मी हेगाला म्हणालो, बूट द्या. तिनं दिले नाहीत. दिले असते तरी मी दारापर्यंत पोचलो नसतो. इथं पडून मी तो ओढा डोळ्यासमोर आणतो, कुठल्या दगडाशी पाणी उथळ आहे ते मला ठाऊक आहे, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. माझी पत्रं चार दिवसांनी पोचतात. तोवर तिकडे जे व्हायचं ते झालेलं असतं.

आधी आईवर बार टाकलात हे चुकलं. ते चुकलंच, मी गोड बोलणार नाही. पण मीही एकदा टाकलाय, दादाला कधी सांगितलं नाही. त्यानंतर तीस वर्षं टाकला नाही.

आता मला उत्तरं द्या. उडी कशी होती? मागचे पाय झाडले, की पुढं सरळ वर उसळली? पाठ वाकवून, हळूहळू गेली असेल तर गोळी पोटात. सरळ उसळून तीरासारखी गेली असेल तर छातीत. आणि छातीत लागली असेल तर तीन थेंब कसे? तांब्यानं उघडून केलेली जखम अशी नसते. तिथं रस्ता रंगतो, डोळे मिटून माग काढावा.

डब्यातली एक गोळी हातात घ्या. टोकाचं भोक केवढं आहे? आगकाडी जाईल एवढं, की त्याहून लहान?

आणि शेल्फवर डबे किती आहेत ते मोजून कळवा.

हालवार


निपा, १६ ऑक्टोबर

भावोजी,

सापडली. आम्ही नाही शोधली, डोमकावळ्यांनी शोधली. सोमवारी ओढ्यापलीकडच्या दरडीवर ते घिरट्या घालताना दिसले. कुंपणापासून चारशे मीटरवर. दोन दिवस आम्ही तिच्या खालून जात-येत होतो.

मांस वाया गेलं. उरलेल्यावरून ओस्मुननं कातडं बघितलं. गोळी खांद्यामागे, जिथं लागायला हवी नेमकी तिथं लागली होती. आत जातानाचं भोक आणि बाहेर पडतानाचं भोक सारखंच, पेन्सिलीएवढं. ओस्मुन म्हणाला, “नेम याहून चांगला असूच शकत नाही. गोळी उघडलीच नाही.” मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “किती लांब होती?”

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: ती सरळ वर उसळली आणि तीरासारखी गेली. भोक इतकं बारीक की शिवणाची सुई कशीबशी जाईल. शेल्फवर डबे पाच आहेत.

पण उत्तर मला आधीच कळलं आहे. ती बर्चच्या अलीकडे नव्हती, पलीकडे होती. मी मोजून आले, एकशेवीस. तुम्ही लिहून दिलं होतं की पलीकडे बार नाही, लांबून तांबं उमलत नाही. मी वाचलं होतं. चाळीस काडतुसं तुम्ही माझ्यासाठी भरलीत आणि पहिल्याच गोळीला मी दहा मीटरची हाव केली. ती किती वेळ त्या दरडीवर जिवंत होती ते मला कुणी सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

रायफल ओस्मुनकडे देऊन आले. पाडसाचं काय ते तोच बघेल. मी आता बंदुकीला हात लावणार नाही. बाईमाणसानं साठीनंतर काय काय शिकावं यालाही सीमा असते, असं तो दुकानदार मला म्हणाला होता, तुम्हाला लिहिलं नव्हतं; त्याचं खरं निघालं.

दुसरी गोष्ट. नगरपालिकेचा कागद आला आहे. विचारतात, हालवार घरी आले तर ते आपलं आपण सांभाळतील का, चूल, जिने, वर्कशॉप वगैरे, आणि घरातल्या माणसाची हरकत आहे का. मी ‘सांभाळतील, हरकत नाही’ लिहून सही करणार आहे. तुम्ही या. मी स्वयंपाक करीन, तुम्ही निपाचं बघा. मला एकटीला हे जमत नाही, हे आता दोघांनाही कळलं.

वहिनी


पुनर्वसन केंद्र, २१ ऑक्टोबर

वहिनी,

सही करू नका. आधी हे वाचा.

तुम्ही लिहिलंत डबे पाच. मला तीनच आठवतात. तांब्याचा, जुन्या शिशाचा आणि रिकाम्या पुंगळ्यांचा. मी हेगाला म्हणालो, वहिनींचं मोजण्यात चुकलं असेल. तिनं मला शेल्फ काढून दाखवायला सांगितलं. काढलं, तीन डबे. मग ती म्हणाली, “आता समजा तुम्ही वर्कशॉपच्या बाहेर उभे आहात. खिडकीतून आत बघताय. शेल्फ मागून दिसतंय. आता काढा.”

मी डोळे मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो. आणि वहिनी, तिथून मला दोन डबे दिसले, जे पहिल्या चित्रात नव्हतेच. एकात शिसं ओतायचे साचे. दुसऱ्यात, अगदी कडेला, दर गुरुवारच्या नेमबाजी मंडळाची काडतुसं, तीही मी चाळीसच भरतो. आणि दुसऱ्या चित्रातून पुंगळ्यांचा डबा नाहीसा झाला होता.

मग तिनं माझं जेवणाचं ताट गोल फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली. त्यात बटाटे होते, मासा होता, सगळं गार झालेलं. दोन महिने मी या लोकांना कंजूष म्हणतोय.

डोळा चांगला आहे, असं डॉक्टरीणबाई सांगतात. बिघाड डोक्यात आहे. माझी डावी बाजू नुसती हातापायाची गेलेली नाही. डावीकडचं जे काही आहे ते माझ्यासाठी नसतंच, आठवणीतसुद्धा. आणि नाही हेही मला कळत नाही. हे त्यांनी मला दहादा सांगितलं होतं. मी त्यांना म्हणायचो, पाय आळशी आहे, बाकी उत्तम. तुम्हाला कळवू नका असं मीच बजावलं होतं, कारण तुम्हाला कळलं तर तुम्ही सही करणार नाही हे मला माहीत होतं.

गुरुवारच्या गोळ्या कागदी लक्ष्यासाठी असतात. बाहेरून तांब्यासारख्याच दिसतात, पण ती नुसती कातडी, आत शिसं. टोकाला सुईएवढं भोक असतं ते बनवताना राहिलेलं, उघडण्यासाठी नसतं. शंभर मीटरवर बशीखाली झाकल्या जातात, यात नवल नाही, त्या त्यासाठीच आहेत. जनावरावर त्या चालवू नयेत हे मी प्रत्येक नवशिक्याला सांगत आलो. तुम्हाला मात्र मीच त्या हातात दिल्या. ‘डावीकडून पहिला’ लिहिलं तेव्हा मला जो पहिला दिसत होता तो डावीकडून तिसरा आहे. तांब्याचा डबा तो. उघडून बघा, टोकात आगकाडी जाईल.

दहा मीटरनं काही झालेलं नाही. एकशेवीस मीटरवर तांबं उमललं असतं. तुमचा नेम तुमच्या आयुष्यातला सर्वांत चांगला नेम होता. ती हरिणी दरडीवर जाऊन मेली ती माझ्यामुळे. आधी आईवर बार टाकलात तेवढं तुमचं, बाकी सगळं माझं.

रायफल परत आणा. आणि नगरपालिकेला खरं लिहा. मला घरी यायचंय, या घडीलाही यायचंय, पण ज्या माणसाला अर्धं शेल्फ दिसत नाही त्याच्या हातात चूल देऊ नये. उद्या डावीकडे काय पेटलंय ते मला कळायचं नाही.

हेगानं या कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आहे. म्हणते, पट्टी दिसेपर्यंत मान वळवत राहा, मग लिहायला सुरुवात करा. एका ओळीला फार वेळ लागतो. तुमचा चष्मा बदलू नका.

हालवार


निपा, २७ ऑक्टोबर

भावोजी,

तुमचं पत्र पहिल्यांदाच कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेलं आलं. मजकूर वाचायच्या आधी मी तेच बघत बसले.

रायफल त्याच दिवशी परत आणली. ओस्मुननं कपाटातून काढून दिली. म्हणाला, “मी ती अजून पुसलीही नव्हती, तुम्ही याल म्हणून.” डावीकडून तिसरा डबा उघडला. आगकाडी गेली. पाचही डब्यांवर मी नावं लिहिली आहेत, राग मानू नका.

काल संध्याकाळी पाडस आलं. पहिलं बर्फ भुरभुरत होतं. ऐंशी मीटर, बर्चच्या अलीकडे. मी बराच वेळ थांबले. ओस्मुन म्हणाला होता, त्याला तसंच सोडलं तर फेब्रुवारीपर्यंत उपाशी मरेल. मला ते मारायचं नव्हतं आणि न मारणंही माझ्या हातात राहिलं नव्हतं. बार टाकला. ते तीन पावलं चाललं आणि बसलं, मग मान टाकली. तुम्ही लिहिलं होतं तसंच, त्याला कळलंसुद्धा नाही. मी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून रडले. तुमच्या गोळीनं काम चोख केलं. सिन्नोवाला मांस जाईल.

नगरपालिकेचा कागद भरला. ‘नाही’ लिहिलं. ते एवढंसं लिहायला मला सकाळपासून दुपारपर्यंत वेळ लागला. जिने, चूल, वर्कशॉप, आणि एकटी मी. रात्रंदिवस तुमच्या डाव्या बाजूला उभं राहणं मला जमणार नाही, भावोजी. जमलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही खरं सांगितलंत म्हणूनच मला हे लिहावं लागलं, आणि याचा राग कुणावर काढावा तेही सुचत नाही.

आता एक माझं. तुम्ही लिहिलं होतं ‘तुम्ही एकदाही आला नाहीत’, आणि मग घाईनं ‘आठवतं तर’. तुम्हाला काही आठवत नव्हतं. मला त्याचं फार लागलं होतं. एकोणीस ऑगस्टला, सोमवारी, मी आले होते. फेरीबोट पकडून, निळा कोट घालून, तपकिरी चीज आणि वॅफल घेऊन. खुर्ची पलंगाच्या दाराकडच्या बाजूला होती. मी तासभर बसले, तुमच्याशी बोलले, गोळ्यांवरून चिडले त्याची माफीसुद्धा मागितली. तुम्ही एकदाही माझ्याकडे मान वळवली नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत होतात. मी म्हटलं, माणूस इतका रागावला असेल तर पुन्हा कशाला जायचं. म्हणून सगळी पत्रं लिहिली.

कालपासून आठवते आहे. ती खुर्ची तुमच्या डाव्या हाताला होती.

तीन तारखेला, रविवारी येते. तोच निळा कोट घालीन. पाडसाचं मांस आणि बटाटे आणते, ताट मीच फिरवीन. या वेळी खुर्ची उचलून उजवीकडे ठेवीन.

वहिनी